उन्हात पळायला सुरुवात करतोयस ना, मग हे वाच

अरे नुसता घाम आला म्हणजे अंग गार झालं असं नसतं, तो घाम उडून जायला लागतो, आणि हवा दमट असली की तो कोपरावरून टपटप गळत राहतो न् उष्णता आतच साठते. म्हणून पहिले 10-14 दिवस हळूच पळ, शरीराला सवय होऊ दे.

मेंदू तापमान 37 डिग्रीच्या आसपास धरून ठेवतो पण 40 च्या वर गेलं की तोच गडबडतो. सोबतचा कोणी असंबद्ध बरळायला लागला, तोल जायला लागला तर घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नकोस, पळताना हीटस्ट्रोक झाला तर अंग बऱ्याचदा ओलंच असतं. लगेच सावलीत घे, अंगावर गार पाणी ओतत रहा, अँब्युलन्स बोलव. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नकोस, प्लीज.