रंग पळतोय, तर पळू द्या

"आता या वयात काय शिकायचं?" हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतंच. मी जळगावात समुपदेशन करते. भुसावळ, पाचोरा, अमळनेर, अगदी धुळे-नंदुरबारकडूनही माणसं येतात. पन्नाशी-साठी ओलांडलेली माणसं येतात ती दुसरीच तक्रार घेऊन: झोप लागत नाही, चिडचिड होते, दिवस सरत नाही. बोलता बोलता केव्हातरी निघतं की हार्मोनियम शिकायची होती, गोष्टी लिहायच्या होत्या, स्कूटी चालवायची होती. आणि लगेच पुढचं वाक्य येतं. अहिराणी बोलणारे म्हणतात, "आते या वयमा काय शिकानं, ताई? लोके काय म्हंतीन?"

लोकांची भीती मी खोटी मानत नाही. आपल्याकडे गल्लीत कुणी नवी चप्पल घातली तरी चर्चा होते. पण माझा अनुभव असा, की लोकांचं नाव पुढे केलं जातं आणि खरी अडचण मागे राहते. ती अडचण काय असते, ते भुसावळच्या एका निवृत्त लोको पायलटच्या निमित्तानं सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. आपण त्यांना नाना म्हणू.

नानांना त्यांच्या पत्नी, माई, घेऊन आल्या होत्या. मालगाडीपासून सुरुवात करून मेल-एक्स्प्रेसपर्यंत पोचलेला माणूस. साठाव्या वर्षी निवृत्त झाले आणि घरात गप्प झाले.

"रात्री दोनला उठतात," माई म्हणाल्या. "गॅस बंद आहे का, कडी लावली का, परत परत बघतात. दिवसा विचारलं तर 'हो' आणि 'नाही', बस्स."

"मला काही झालेलं नाही," नाना म्हणाले. "हिनं आणलं म्हणून आलो."

पहिल्याच भेटीत मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. हे मुद्दाम लिहिते आहे. साठीच्या आसपास झोप उडाली, भूक गेली, कशातच रस वाटेना, विसरायला होऊ लागलं, तर आधी शुगर, थायरॉइड, बीपी तपासून घ्या आणि नैराश्य नाही ना, हे जाणकाराकडून बघून घ्या. छंद त्यानंतर. नैराश्याच्या माणसाला "काहीतरी छंद लावून घ्या" असं सांगणं म्हणजे त्याच्या दुखण्यावर आणखी एक ओझं ठेवणं आहे. नानांचे रिपोर्ट चांगले आले, नैराश्यही नव्हतं, तेव्हा आम्ही बोलायला बसलो.

रंगांची गोष्ट माईंनीच काढली. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा नानांनी स्वतःसाठी पहिली वस्तू घेतली ती जलरंगांची पेटी. एकदा क्लासला घेऊन गेले, आणि तेव्हापासून ती कपाटात पडली होती. नाना जरा चिडले. मग म्हणाले, "सांगतो."

"क्लासमध्ये सगळी एलिमेंटरीच्या परीक्षेची पोरं. मी केळीचं पान काढत होतो. शेजारी बारा-तेरा वर्षांची मुलगी. ती म्हणाली, 'आजोबा, पाणी जास्त झालं, रंग पळतोय.' खरंच पळत होता. मी कागद फाडला, खिशात घातला आणि उठून आलो."

"तिचं बोलणं लागलं?"

"पोरगी बरोबरच बोलली. पण ताई, एवढी वर्षं गाडी चालवली, कुणी मला 'चुकलं' म्हणालं नाही."

हे वाक्य त्यांनी मान ताठ करून म्हटलं होतं. मी ते वहीत लिहून खाली रेघ मारली. मला वाटलं, सगळं इथेच आहे.

पुढच्या भेटीत रंगांचा विषय मी काढलाच नाही. इंजिनाबद्दल विचारलं, आणि घरात दोन शब्द न बोलणारा माणूस मोकळेपणानं बोलत सुटला. भुसावळहून इगतपुरीपर्यंतचा मार्ग त्यांना सिग्नल-सिग्नल पाठ. सिग्नलला दोन पिवळे दिवे दिसले की असिस्टंटनं "डबल यलो" म्हणायचं, मग यांनीही मोठ्यानं "डबल यलो" म्हणायचं. दोघांच्या तोंडून निघाल्याशिवाय सिग्नल बघितला असं धरायचंच नाही. डोळ्यांच्या तपासण्या, रंग ओळखण्याच्या चाचण्या. मिनिटभर हात हलला नाही तर इंजिनातलं यंत्र आधी दिवा लावतं, मग बझर वाजवतं आणि तरीही उत्तर मिळालं नाही तर गाडी स्वतःच थांबवतं.

"आणि लाल सिग्नल ओलांडला तर?" मी विचारलं.

त्यांचा चेहरा बदलला. "तसलं बोलू नका. इंजिन थोडंसं पुढं गेलं तरी चौकशी लागते. नोकरीवर येतं. आणि नोकरीचं सोडा, मागं हजार-बाराशे माणसं झोपलेली असतात."

"नाना, त्या केळीच्या पानाच्या मागं किती माणसं झोपली होती?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं रागावले. टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्यांनी जवळ ओढला, प्यायले नाहीत, परत सरकवला. बऱ्याच वेळानं म्हणाले, "कोणीच नव्हतं." मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "कोणीच नव्हतं की!" आणि हसायला लागले. "म्हणजे मी तिथं पण ए-नाईनवर हात ठेवून बसलो होतो."

ए-नाईन म्हणजे गाडीच्या ब्रेकचा दांडा, हे त्यांनी मला नंतर समजावून सांगितलं.

या कामात असे क्षण फार येत नाहीत, आणि मी त्यांच्यासाठीच हे काम करते. माणूस स्वतःच्याच भाषेत स्वतःला सापडला की समुपदेशकाला फारसं बोलावं लागत नाही. नानांमुळे मला जे स्पष्ट दिसलं, ते मी आता इतरांशी बोलतानाही वापरते. उतारवयात नवं काही सुरू करताना अडते ती बुद्धी नव्हे, हात किंवा डोळेही नव्हेत. चाळीस वर्षं कशात तरी पक्कं असण्याची सवय लागलेली असते आणि पुन्हा कच्चं होणं सहन होत नाही. म्हणून गंमत अशी दिसते, की जो आपल्या कामात जितका वाकबगार, तो तितका जास्त अडतो. हिशेबात एका पैशाचा फरक न सोडणारे बँकेतले साहेब, फळ्यावर कधी न चुकलेले गणिताचे सर, खापरावर एकही मांडा न फाटू देणाऱ्या काकू. कामाच्या जागी जो नियम माणसं वाचवतो किंवा घर चालवतो, तोच नियम हे सगळे कोऱ्या कागदावर घेऊन येतात, जिथे त्याचा काही उपयोग नाही.

माझा कल विवेकनिष्ठ विचारपद्धतीकडे आहे, म्हणजे त्रास देणाऱ्या हट्टी समजुती तपासून बदलण्याकडे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये ती मांडली आणि महाराष्ट्रात ती चांगली रुजली. एलिस तरुणपणी फार लाजरे होते. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ठरवलं, की न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी जाऊन बोलायचं. बऱ्याच जणी उठून गेल्या, ठरलेली एक भेटही झाली नाही, पण भीती गेली. ज्याची धास्ती आहे ते घडवून आणायचं आणि आपण त्यातून धड बाहेर येतो हे स्वतः बघायचं, एवढीच त्यातली युक्ती.

नानांना मी तेच काम दिलं. रोज सकाळी एक कागद मुद्दाम बिघडवायचा. साधा, स्वस्त कागद. पाणी जास्तच घ्यायचं. रंग पळाला पाहिजे. कागद फाडायचा नाही, मागं तारीख घालून ठेवायचा.

"आणि चांगलं आलं तर?"

"तर तो कागद धरायचा नाही, दुसरा घ्यायचा."

काही आठवड्यांनी ते कागदांची गुंडाळी घेऊन आले आणि तक्रारीच्या सुरात म्हणाले, "ताई, बिघडवणं पण जमत नाही. मधेच चांगलं होतं."

बहुतेक कागद खरंच चिखल होते. एक मात्र मी हातात धरून राहिले. काळपट ओला कागद आणि त्यावर वर-खाली दोन पिवळे ठिपके, कडा विरघळून खाली ओघळलेल्या. "पावसात काचेतून डबल यलो असाच दिसतो," नाना म्हणाले. "वायपर फिरेपर्यंत." ज्या पळणाऱ्या रंगासाठी ते क्लासमधून उठून आले होते, त्याच्याशिवाय हे चित्र झालंच नसतं. आणि जन्मभर पिवळ्या रंगाकडे इतकं निरखून बघितलेल्या माणसाशिवाय तर नक्कीच नाही. माझ्या समुपदेशनाचा त्या कागदात थोडा वाटा आहे, याचं मला समाधान वाटतं.

मी त्यांना रवींद्रनाथ टागोरांचं सांगितलं. हस्तलिखितातली खाडाखोड जोडत जोडत त्यांच्या आकृत्या तयार झाल्या आणि साठीनंतर ते मनापासून चित्रं काढू लागले. त्यांचं पहिलं प्रदर्शन १९३० मध्ये पॅरिसला भरलं, तेव्हा त्यांचं वय ६९च्या आसपास होतं. नानांनी विचारलं, "आपल्याकडचं कोणी?" मग मी त्यांना चाळीसगावला पाठवलं. चित्रकार-छायाचित्रकार केकी मूस यांचं घर, आता कलादालन, स्टेशनच्या जवळच आहे. चित्रं, टेबलावर मांडणी करून काढलेले फोटो, कागदाच्या घड्यांच्या वस्तू. "किती वेळा गाडी तिथं उभी केली," परत आल्यावर नाना म्हणाले, "पण स्टेशनाबाहेर काय आहे ते बघितलं नाही."

झोपेचं विचाराल तर ते अजूनही रात्री उठतात. शरीराची इतक्या वर्षांची ड्युटी लगेच सुटत नाही. गॅस मात्र एकदाच बघतात.

आता तुमच्यासाठी. "मेंदू म्हातारा झाला" असं म्हणणाऱ्यांना मी अमेरिकेतला एक अभ्यास सांगते, आणि तो आपल्या बायकांना फार आवडतो. डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तो प्रसिद्ध केला. ६० ते ९० वयाच्या लोकांना तीन महिने, आठवड्याला साधारण १५ तास, गोधडीसारखं तुकडे जोडून शिवणकाम किंवा डिजिटल फोटोग्राफी शिकवली. त्यांच्या स्मरणात सुधारणा दिसली. जे नुसते गप्पा-सहली करत राहिले किंवा घरी ओळखीचीच कामं करत होते, त्यांच्यात तेवढी दिसली नाही. म्हणजे रोजचं शब्दकोडं सोडवत असाल तर खुशाल सोडवा, पण ते तुम्हाला येतंच. ज्यात अडखळायला होतं, असं काही निवडा. गणिताच्या सरांनी शिकवण्या घेऊ नयेत, ढोलकी शिकावी. आणि महिन्यातून एकदा वेळ मिळाला तर, असं करून भागत नाही.

बायकांचं थोडं वेगळं असतं. त्यांना चुकण्यापेक्षा घरात नसण्याची भीती जास्त. धुळ्याकडच्या एक ताई स्कूटी शिकणं सारखं पुढे ढकलत होत्या. उन्हाळी कामं होऊ देत, मग पापड-कुरडया झाल्या तर पेरणी, पेरणी झाली तर श्रावणात कानबाईचा सण, मग दिवाळी, मग पुतणीचं लग्न. आपल्याकडे वर्षात रिकामा महिना येत नाही, तो काढावा लागतो. मी त्यांना एकच सांगितलं: घरी विचारू नका, कळवा. "मंगळवारी आणि शुक्रवारी चार ते पाच मी घरात नसेन." पहिल्या आठवड्यात चहावरून कुरकुर झाली, पुढच्या आठवड्यात सासऱ्यांनी स्वतः चहा केला.

क्लास लावणार असाल तर शिकवणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगा, "मला परीक्षा द्यायची नाही, घाई नाही, पण चुकलं की सांगा." महागडं सामान आधी घेऊ नका, भारी कागदावर हात धजत नाही. पोरांबरोबर बसायला लाजू नका, ती फार प्रामाणिक असतात. नाना आता त्याच क्लासला जातात आणि पाणी किती घ्यायचं हे त्या मुलीलाच विचारतात.

आणि घरच्यांनो, तुम्हालाही एक विनंती. "वा, किती छान!" लगेच म्हणू नका. कौतुकानं पुन्हा परीक्षा सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी माणूस तुमच्या 'छान'साठी चित्र काढायला बसतो. त्यापेक्षा विचारा, "हा रंग कसा केलात?" उत्तर ऐकायला पाच मिनिटं बसा. नानांच्या सुनेनं प्रेमानं त्यांचं चित्र कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला घेतलं होतं. नाना म्हणाले, "थांब, अजून नाही." तिनं फोन खाली ठेवला. तिनं ते फार बरं केलं. चित्र कधी दाखवायचं, दाखवायचं की नाही, हे ज्यानं काढलं त्यालाच ठरवू द्या.