जुना लाकडी पाळणा घेण्याआधी तो उलटा करून बघा

पहिलाच पाळणा घेताय ना? मग वरच्या कोरीवकामावर भाळू नका. आधी तो उलटा करा. जमिनीवर टेकून झुलणारा पाळणा असेल तर खालच्या वाकड्या पट्ट्या मधोमध झिजून गुळगुळीत झालेल्या असतात, टोकांकडे झीज कमी. सगळीकडे सारखी झीज दिसली तर पॉलिशपेपर फिरवलाय असं खुशाल समजा. त्या पट्ट्यांची टोकं किंचित वर वळलेली का, तर जोराचा झोका बसला तरी पाळणा कलंडू नये म्हणून. मला ही कारागिरी सगळ्यात जास्त भावते.

मग कोपऱ्यांचे सांधे. हाताने कापलेल्या डव्हटेलचे (म्हणजे टोकाकडे रुंद होत जाणाऱ्या, एकमेकांत अडकणाऱ्या दातांच्या सांध्याचे) दात कमी-जास्त रुंदीचे असतात, शेजारी आखणीची बारीक रेघही दिसते. कातीव, म्हणजे लेथवर गोल केलेल्या खांबाचा व्यास दोन दिशांनी मोजा. लाकूड वाढीच्या वलयांच्या दिशेने जास्त आकसतं, त्यामुळे जुना गोल खांब थोडा लंबगोल झालेला सापडतो. बाजूच्या फळ्यांवर खुंट्या किंवा भोकं असतील तर ती बुजवू नका हं! बाळ पडू नये म्हणून त्यांतून दोरी ओवायचे.

जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी आली ती 1978 साली.

आणि त्यात बाळ झोपवायचा विचार असेल तर कृपा करून नको. गजांमधलं अंतर 6 सेंमीपेक्षा जास्त असलं की बाळाचं अंग त्यातून सरकून डोकं अडकतं. बाहुल्या ठेवा, दुपटी ठेवा.