सीटी स्कॅनचा डोस आणि गणित : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आईला पोटाचा सीटी स्कॅन करायला सांगितला आहे. नव्या मशीनवर रेडिएशन कमी लागते म्हणतात, ते कसे? (एक वाचक, म्हापसा)

क्ष-किरण कमी सोडले की प्रतिमा दाणेदार होते. डोस (रेडिएशनची मात्रा) एक-चतुर्थांश केला, तर हा दाणेदारपणा साधारण दुप्पट होतो. मोजमापांवरून प्रतिमा बनवण्याची जुनी पद्धत, फिल्टर्ड बॅक प्रोजेक्शन, एका दमात प्रतिमा काढते, पण सगळी मोजमापे सारखीच विश्वासार्ह धरते. नव्या पद्धतीत संगणक आधी अंदाजाने प्रतिमा मांडतो, ती खरी असती तर डिटेक्टरवर काय नोंदले गेले असते याचा हिशेब करतो आणि प्रत्यक्ष नोंदीशी असलेली तफावत कमीत कमी होईपर्यंत ती सुधारत राहतो. कंबरेच्या हाडांतून आडवा गेलेला किरण क्षीण होऊन बाहेर पडतो, म्हणून त्याच्या नोंदीला हिशेबात महत्त्व कमी दिले जाते. शेजारच्या बिंदूंमधला अकारण फरक गणितात दाबला जातो, मात्र अवयवाची कड पुसली जाणार नाही इतपतच. थोडक्यात, गणित स्वतः डोस कमी करत नाही, कमी डोसवर काम भागवते.

प्रश्न : ही कल्पना अलीकडची आहे का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, फर्मागुढी)

नाही. समीकरणे एकेक करून सोडवत उत्तराजवळ जाण्याची गणितज्ञ काचमार्झ यांची रीत 1937 सालची. सीटी स्कॅनर बनवणारे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने 1971 मध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू टिपला, तेव्हाही अशाच पद्धतीचा विचार झाला होता. पुढे संगणकाचा वेळ परवडेना म्हणून ती दीर्घकाळ बाजूला पडली.

प्रश्न : म्हणजे नवे मशीन असले की निर्धास्त राहावे? (एक वाचक, मडगाव)

मुळीच नाही. सॉफ्टवेअर घेतले, पण टेक्निशियनने क्ष-किरण सोडणाऱ्या ट्यूबचा करंट पूर्वीइतकाच ठेवला, तर प्रतिमा देखणी होईल आणि डोस तसाच राहील. उलट डोस फारच उतरवला, तर यकृतातली फिकट गाठ गुळगुळीतपणात हरवू शकते, आणि ती चूक प्रतिमेवरून सहसा कळत नाही. मुतखडा ठळक दिसतो, त्यामुळे त्याच्या तपासणीत बराच कमी डोस चालतो. स्कॅन मुतखड्यासाठी असेल, तर तसे सांगून कमी डोस चालेल का, हे अवश्य विचारावे. स्कॅनच्या नोंदीत डीएलपी (पूर्ण स्कॅनमधल्या रेडिएशनचे माप) हा आकडा असतो. प्रौढांच्या पोटाच्या स्कॅनसाठी त्याला 0.015 ने गुणले की शरीराला मिळालेला डोस अंदाजे मिलिसिव्हर्ट या एककात मिळतो; 500 असेल तर 7.5. तुलनेसाठी, निसर्गातून माणसाला जगभरात सरासरी वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात. खाजगी ठिकाणी स्कॅन झाला असेल, तर बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात (गोवा मेडिकल कॉलेज) जाताना नुसता रिपोर्ट नव्हे, सीडीही न्यावी, म्हणजे तोच स्कॅन पुन्हा करण्याची वेळ सहसा येत नाही.