चार प्रश्नचिन्हं

"यात मी काय वाईट लिहिलंय, तुम्हीच सांगा," म्हणत काकांनी फोन माझ्यापुढे सरकवला. देवगडकडची आंब्याची बाग, सून मुंबईला. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) 'साधं विचारलं तरी घरच्यांना राग येतो' ही तक्रार घेऊन या वयाचे बरेच जण माझ्याकडे येतात.

मेसेज असा होता: "आंबे पोचले का???? फोन नाही केलास!!!!" खाली तिचं उत्तर: "पोचले."

"बघा, कशी तोडून बोलते."

मी त्यांचाच मेसेज त्यांना मोठ्याने वाचून दाखवला, चिन्हांसकट. म्हणजे आवाज चढवत. काका दचकले. "असं नाय हो विचारलं मी!" मग कसं? त्यांनी म्हणून दाखवलं, "आंबे पोचले काय गो बाय?" 'बाय'वर येईस्तोवर आवाज पार खाली उतरला होता.

सगळी माया त्या 'गो बाय'मध्ये होती, आणि टाइप करताना नेमकी तीच गळली. कारण काय, तर "बोलतो तसं लिहायचं नसतं." मग मजकूर कोरडा वाटला म्हणून चिन्हं वाढवली. त्यांच्या हिशेबी चौपट काळजी. मुंबईत ती उलटतपासणी होऊन पोचली. पूर्वी हे काम पत्राचा मायना करायचा. 'अनेक आशीर्वाद' वाचल्यावर पुढची ओरडही गोड लागे. मोडीतली पत्रं तर विरामचिन्हांवाचूनच चालत. मराठीत ही चिन्हं रुळली ती एकोणिसाव्या शतकात, मराठीचे इंग्रज कोशकार मेजर कँडी यांच्यामुळे.

सुनेचा पूर्णविरामही मी सोडला नाही. अमेरिकेत बिंगहॅमटन विद्यापीठात 126 विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. मोबाइलवरच्या एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला की ते कमी मनापासूनचं वाटलं. तेच हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत काही फरक पडला नाही. मेसेज पाठवला की तो संपलेलाच असतो, वर टिंब दिलं की दार लावल्यासारखं होतं. ती दिवसभर ऑफिसच्या मेल लिहिते, बोटांना सवय असणार. "म्हणजे रागावली नव्हती?" काकांनी दोनदा विचारलं. रागावलीही असेल, पण नुसत्या टिंबावरून ते ठरवू नका, म्हटलं.

पुढच्या पेटीला त्यांनी माझ्यासमोरच टाइप केलं: "पोचले काय गो बाय?" बोट दुसऱ्या प्रश्नचिन्हावर गेलं होतं, मागे घेतलं.

संध्याकाळी त्यांनी उत्तर मला पुढे पाठवलं: "पोचले बाबा, दोन डागी निघाले, बाकी मस्त"