सायकल-सल्ला: आधी हब, मग रंग

प्रश्न : आत्याच्या घरी माळ्यावर नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीच्या सायकलची फ्रेम सापडली. पुढच्या चाकाचा चिमटा आणि बीबीचे (पॅडलचा आस जिथे फिरतो तिथले) कप आहेत, बाकी काहीच नाही. वरच्या दांड्यावर पट्टी आवळल्याची खूण दिसते. तीन गिअरची असेल का? फ्रेम रंगवायला टाकू का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : रंगवायला टाकू नका! पावडर कोटिंगवाला आधी सगळं घासून काढतो, आणि त्या खुणेसारखा पुरावाही त्यात जातो. गिअरची केबल दांड्यावर धरायला तशी पट्टी असायची, म्हणजे तीन गिअरची शक्यता चांगली आहे. तूर्त रॉकेलचा बोळा फिरवा, गंज ब्रासोनं काढा.

खरं काम मागच्या हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचं; गिअर त्याच्या आतच असतात. स्टर्मी आर्चर कंपनीचा एडब्ल्यू हा तीन गिअरचा हब शोधा. बऱ्याच हबच्या पोटावर वर्ष-महिन्याचे आकडे ठोकलेले असतात. ५८ दिसलं तर १९५८. जुन्या बाजारात हब हातात घेतलात की विक्रेत्याचं वर्णन राहू द्या, स्वतः तपासा. अॅक्सलमधून (चाकाच्या आसातून) निघणारी, गिअर बदलणारी बारीक साखळी सैल सोडून स्प्रॉकेट (मागचं दातेरी चक्र) तीन फेरे फिरवा, हबचं कवच चार फिरलं पाहिजे. साखळी पूर्ण ओढून धरा आणि स्प्रॉकेट चार फेरे फिरवा, कवच तीनच फिरेल. हे जमत नसेल तर किंमत निम्मी करा किंवा चालू लागा. नुसता जाम असेल तर मात्र घाबरू नका, बहुतेक वेळा आत तेलाचा डिंक झालेला असतो.

कवचाला ४० भोकं असतील तर नशीब. आपल्या साध्या काळ्या सायकलीची मागची रिमही ४० आऱ्यांची, कुठेही मिळते. मात्र टायर घेण्याआधी चाकाचं माप बघा. २८ बाय दीडचं चाक फ्रेममध्ये मोकळं फिरत नसेल तर तुमची सायकल २६ बाय एक-तीन-अष्टमांशची.

बीबीचे कप काढू नका. रॅलेचे आटे इंचाला २६, बाजारातले कप बहुधा २४ आट्यांचे. दुकानदार "बसवून देतो" म्हणेल आणि कप बसवेलही, पण आटे चिरडून. आतून पुसा, पाव इंची छर्रे दोन्हीकडे अकरा-अकरा घाला, ग्रीस भरा. उजवा कप काढावाच लागला तर तो उलट्या आट्यांचा आहे. घड्याळाच्या दिशेनं सुटतो. क्रँकच्या (पॅडलच्या दांडीच्या) कॉटर पिना, म्हणजे ती आसाला घट्ट धरणाऱ्या पाचरी, नव्या घ्या, घट्ट बसतील अशा कानसून.

साताऱ्यात राहता म्हणून सांगतो : मागे २२ दात्यांचं स्प्रॉकेट लावा. मूळच्या १८ दात्यांवर यवतेश्वरचा घाट चढायला मांड्या पैलवानाच्या लागतात.

केबल लावताना गिअरची लिव्हर दोन नंबरवर ठेवा आणि उजव्या नटाच्या भोकातून बघा. त्या बारीक साखळीच्या दांडीची कड अॅक्सलच्या टोकाशी बरोबर आली की झालं. ती हुकली तर दोन आणि तीनच्या मधे पॅडल रिकामं फिरतं, आणि उभं राहून मारत असाल तर थेट दांड्यावर आपटाल. केबल तुटली तरी घरी येता येतं, हब तिसऱ्यावर अडकून राहतो. तेल पातळ घाला, महिन्याला चमचाभर. थ्री-इन-वनसारखं घरगुती तेल नको, आत चिकटतं.