पहिली फेअरिंग घेताना
अरे घाई नको करूस. फेअरिंग म्हणजे चिनी मातीच्या इवल्या मूर्ती, त्या व्हिक्टोरियन काळात इंग्लंडच्या जत्रांमध्ये चिल्लर पैशात मिळायच्या नाहीतर बक्षीस म्हणून, पण बनायच्या जर्मनीत, जास्त करून प्योसनेकच्या कोंटा उंड ब्योमे कारखान्यात, साच्यातून धडाधड, म्हणून तर साध्या कामगाराच्या घरीपण जत्रेची आठवण म्हणून फळीवर जाऊन बसल्या. आधी उलटी करून बघ, ढाल आणि त्यात सुरा धरलेला हात ही कारखान्याची खूण असेल तर मस्तच, पण जुन्या कित्येकांवर खूणच नसते. मग मानेवरून बोट फिरव, डोकं तुटून परत चिकटवलेलं असू शकतं (मी सोनेरी कडा बघून भुललो आणि फसलो!). नवरा-बायको पलंगावर आणि खाली इंग्रजीत चावट ओळ, अशी मिळाली तर सांग मला.