वाचकांचे प्रश्न : मध्येच सोडता येईल असा स्वयंपाक

प्रश्न : आमचे बाळ सात महिन्यांचे आहे. आठवड्यातून एक दिवस मी आणि बाळ असे दोघेच घरी असतो. त्या दिवशी बाहेर जायचे नाही, कोणाला बोलवायचे नाही, साधेच काहीतरी रांधायचे आणि विसावा घ्यायचा, असे मी आदल्या रात्री ठरवते. पण संध्याकाळपर्यंत मी कामाच्या दिवसापेक्षाही अधिक दमलेली असते. बाळ झोपले की मी लगेच स्वयंपाकाला लागते आणि नेमका कांदा परतायला घेतला की ते उठते. दिवसाची आखणी कशी करावी?

उत्तर : दुखणे तुमच्या पत्रातच आहे. बाळ झोपले की तुम्ही स्वयंपाकाला लागता, म्हणजे घरात शांतता असते तेवढाच वेळ तुम्ही कामाला देता आणि विसाव्याच्या वाट्याला बाळ जागे असतानाचा वेळ येतो. त्या वेळेत विसावा कोणालाच मिळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास झोप लागते. हा आकडा ऐकून घरातल्या इतरांना वाटते की आईला केवढा मोकळा वेळ मिळत असेल. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग रात्रीचा असतो आणि दिवसा दोन-तीन डुलक्याच उरतात. शिवाय या वयात झोपेचे एक आवर्तन साधारण ५० ते ६० मिनिटांचे असते. ते संपत आले की झोप पातळ होते. काही बाळे तिथून पुन्हा गाढ झोपेत जातात, काही डोळे उघडतात. त्यामुळे पाऊण तासात बाळ उठले तर तुमचे काही चुकले असे मुळीच समजू नका. फक्त सलग अर्धा तास मागणारे काम त्या वेळेत ठेवू नका.

तेव्हा क्रम उलटा करा. पहिल्या डुलकीत तुम्हीही आडव्या व्हा. झोप लागलीच पाहिजे असे नाही, पण पाठ टेकलेली असावी आणि फोन दुसऱ्या खोलीत असावा. बाळाला त्याच्या स्वतःच्या सपाट, घट्ट गादीवर उताणे झोपवा; जवळ उशी किंवा सैल पांघरूण नको. दूध पाजता पाजता सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत तुमचाही डोळा लागण्याची शक्यता असेल, तर आधीच जागा बदला. बाळाला कुशीत घेऊन अशा ठिकाणी झोपणे धोक्याचे आहे.

स्वयंपाक बाळ जागे असताना करा आणि पदार्थ निवडताना एकच कसोटी लावा : आत्ता, या क्षणी, आच बंद करून मी २० मिनिटे निघून गेले, तर हे बिघडेल का? तळण या कसोटीत नापास होते आणि परतलेला कांदाही, कारण अर्धवट तळलेला पदार्थ तेल पितो आणि कांदा तर मिनिटाभरात करपतो. डाळ, भाज्यांचे सूप, उकडलेले बटाटे आणि उकडलेली अंडी मात्र उत्तीर्ण होतात. भाताला तर असे थांबणे मानवते : पाणी आटल्यावर आच बंद करून झाकण न उघडता १० मिनिटे ठेवला, तर वरच्या आणि खालच्या दाण्यांतला ओलावा सारखा होतो. तांदूळ, डाळ आणि दोन-तीन भाज्या एकाच पातेल्यात शिजवणे हा अशा दिवसाचा सर्वांत समजूतदार स्वयंपाक आहे, आणि त्यात एकच पातेले घासावे लागते हा फायदा मी मुळीच किरकोळ मानत नाही. बाळाकडे जाताना आच मंद करून नव्हे, पूर्ण बंद करूनच जा. पाच मिनिटांसाठी म्हणून गेलेली आई तासाभराने परत येते.

आदल्या रात्री सगळ्या भाज्या चिरून ठेवाव्यात हा सल्ला तुम्हाला अनेकांनी दिला असेल. मला तो फारसा पटत नाही, कारण त्याने दमणूक केवळ एक रात्र अलीकडे सरकते. भिजत घालणे तेवढे करा. मात्र राजमा करणार असाल, तर मंद आचेवर तासन्‌तास सोडून देण्याची युक्ती तिथे चालत नाही. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी द्रव्य असते आणि उकळीपेक्षा कमी तापमानात ते नष्ट होत नाही. निदान ५ तास भिजवून ते पाणी टाकून द्यावे, ताज्या पाण्यात ३० मिनिटे खळखळून उकळावे आणि मगच आच कमी करावी.

प्रश्न : सुट्टीच्या दिवशी बाळ माझ्याकडे असते. छातीशी बांधलेल्या झोळीतच ते शांत राहते. तसेच ठेवून मी स्वयंपाक केला तर चालेल का?

उत्तर : भाज्या धुणे, मटार सोलणे, तांदूळ निवडणे खुशाल करा, बाळाला ते बघायला आवडतेही. पण शेगडीजवळ, तापलेल्या पातेल्याजवळ किंवा हातात सुरी असताना बाळ अंगावर नको. त्याची त्वचा आपल्यापेक्षा पातळ असते, त्यामुळे आपल्याला केवळ चटका बसेल अशा पाण्याने ते खोलवर भाजते. कपात ओतून १५ मिनिटे झालेला चहासुद्धा बाळाला भाजू शकतो, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पातेल्यांच्या दांड्या आतल्या बाजूला वळवा, शक्यतो मागच्या शेगडीवर शिजवा आणि बाळाला हाताच्या अंतरापलीकडे, पण तुम्ही दिसाल असे, जमिनीवर ठेवा. उंच खुर्चीत पट्टा लावून बसवले, तर एका वेळी तासापेक्षा जास्त नको. इतके सांभाळूनही कधी भाजलेच, तर भाजलेला भाग २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरा. बर्फ, तूप किंवा दंतमंजन लावू नका, आणि बाळ लहान असल्याने डॉक्टरांना दाखवाच.

प्रश्न : आमच्यासाठी शिजवलेलेच बाळाला देता येईल, की त्याचे वेगळे करावे?

उत्तर : वेगळे करू नका, वेगळे काढा. सहा महिन्यांनंतर जन्मतः मिळालेला लोहाचा साठा कमी पडू लागतो आणि दुधाबरोबर इतर अन्नाची गरज निर्माण होते. पातेल्यात मीठ आणि तिखट घालण्याआधी बाळाचा वाटा बाजूला काढा, कारण पहिल्या वर्षात मीठ-साखर घालण्याची गरज नसते. तो चमच्याच्या पाठीने घोटा. चमचा तिरका केल्यावर घोटलेले अन्न धारेसारखे ओघळू नये, कारण पाणी घालून पातळ केलेल्या जेवणाने छोटे पोट भरते, पोषण मात्र होत नाही. डाळीतले लोह अंगी लागायला ‘क’ जीवनसत्त्वाची मदत होते, म्हणून घोटताना चांगला शिजलेला टोमॅटो घाला किंवा लिंबाचे चार थेंब पिळा. अंडे बलक घट्ट होईपर्यंत शिजवा. सहा ते आठ महिन्यांत दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करून दिवसातून दोन-तीन वेळा भरवणे पुरेसे असते. वाटी संपवण्याचा हट्ट धरलात, तर विसाव्याचा दिवस तिथेच संपला असे समजा. मध मात्र वर्ष पूर्ण होईपर्यंत चाटवायलाही नको. त्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात.

प्रश्न : सकाळी केलेला भात रात्रीपर्यंत चालतो का?

उत्तर : ओट्यावर ठेवलेला नाही. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजल्यावरही टिकून राहतात, भात कोमट राहिला की वाढू लागतात आणि त्यांनी तयार केलेले एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. पसरट ताटात पसरून तासाभरात गार करा, झाकून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा आणि खाण्याआधी एकदाच, पण वाफा येईपर्यंत गरम करा. बाळाचा उष्टा चमचा लागलेले अन्न ठेवू नका.

प्रश्न : दिवसभर मी बाळाशी खेळले नाही, तर त्याचे नुकसान होईल का?

उत्तर : नाही. तुम्ही बटाटे सोलताना काय करत आहात हे त्याला मोठ्याने सांगितलेत आणि त्याच्या हुंकाराला उत्तर दिलेत, तर भाषेसाठी हवे ते बरेचसे झाले. दिवसातून थोडा वेळ त्याला पोटावर पालथे ठेवा. बाकीचा वेळ रिकामी वाटी आणि लाकडी चमचा त्याच्या हाती द्या. आवाज होईल, तो ऐकून घ्या.